चांगल्या हाताची बाही

३ मार्च
मिळाला! केंद्राचा फॉर्म मिळाला! सामाजिक उद्योग सुरू करू पाहणाऱ्यांना वर्षभर फुकट खोली, दोन शिलाई मशिनं आणि सल्ला द्यायला जाणकार माणसं. जागा फक्त सहा. अर्जाची मुदत वीस तारीख.

आणि त्याच वीस तारखेला विमा कचेरीला हो की नाही ते कळवायचंय! बाबांनी माझी नोकरी अख्ख्या कारखान्यात सांगून टाकली आहे. “आमच्या घरातली पहिली पदवी, आता टेबल-खुर्ची!” त्या चेहऱ्याला नाही म्हणायचं तर हातात काहीतरी ठोस हवं.

४ मार्च
वहीत सोळा कल्पना झाल्या. खेळण्यांचं वाचनालय. जुन्या दप्तरांची दुरुस्ती. म्हाताऱ्यांना फोन शिकवणारी फिरती शाळा. धाकटीनं वही ओढून वाचली. “ताई, सोळा दुकानं आणि गिऱ्हाईक एकही नाही!”

कार्टी खरं बोलते, हा तिचा दोष.

६ मार्च
केंद्रातल्या मॅडमना भेटले. सोळाच्या सोळा ऐकून घेतल्या, चहा पाजला आणि म्हणाल्या, “ह्यातल्या कुठल्या अडचणीचा माणूस तू रोज बघतेस?”

शेजारचे बुकबाइंडर काका! गेल्या वर्षी अर्धांगवायूनं उजवा हात लुळा पडला. रोज सकाळी काकू त्यांना शर्ट घालून देतात आणि काका भिंतीकडे बघत उभे राहतात. आयुष्यभर पुस्तकं बांधणारा माणूस!

ठरलं. एका हातानं घालता येतील असे कपडे. पुढे बटणांऐवजी दाबलं की चिकटणारी वेल्क्रोची पट्टी. शिवायला आई आहेच – वीस वर्षं लोकांचे कपडे उसवून, बेतून, आत-बाहेर करून देते आहे.

९ मार्च
नमुना तयार! बाबांच्या शर्टवर बेतला. मग मीच उजवा हात ओढणीनं कमरेला बांधून घालून पाहिला. अकरा सेकंद! धाकटीनं टाळ्या वाजवल्या. “काकांचा जुना शर्ट आणला असतास तर बरं झालं असतं,” आई एवढंच म्हणाली. मी म्हटलं, अगं, बावीस प्रश्नांची प्रश्नावली केली आहे मी!

१० मार्च
फजिती. काकांनी बावीसही प्रश्नांना “ठीक आहे” असं उत्तर दिलं. मग शर्ट घातला, वेल्क्रो उघडला – चर्रर्र!

“पोरी, चारचौघांत हा असा फाटल्यासारखा आवाज करत बसू मी? आणि बटणांचं काय बिघडलंय? ती लावतो मी एका हातानं.”

लावतात! मला माहीतच नव्हतं. शर्ट बेतण्याआधी मी विचारलं काकूंना, आणि काकू आठवड्यापुरतं बोलून मोकळ्या झाल्या. काकांना तेव्हा विचारलंच नाही. मग त्या रोज काय लावून देतात?

विचारलं तर काकांनी विषयच बदलला. लाजले असावेत. मीही लाजून घरी आले.

११ मार्च
आईनं जाऊन काकांचा रोजचा शर्ट मागून आणला. तिची ही जुनी रीत – नवं माप घेण्याआधी गिऱ्हाइकाचा वापरलेला कपडा खिडकीशी धरून बघायचा. कुठे विरलाय, कुठे ताणलाय, कुठला टाका सैल झालाय.

“पुढची बटणं धड आहेत. उजवी बाही धड आहे. ही बघ डावी.”

डाव्या बाहीचं काज फाटलेलं. कडेवर दातांचे व्रण.

“चांगल्या हाताची बाही लावायला कुठला हात लागतो गं?”

उजवा! लुळा पडलेलाच! माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आणि मला हे का दिसलं नाही, तर मी बाबांच्या शर्टवर बेतलं होतं. कारखान्यात बाबांच्या यंत्रात अडकेल म्हणून पूर्ण बाही घालायला बंदी. आमच्या घरात पूर्ण बाहीचा शर्ट एकही नाही! आई हसून हसून मशिनीवर आडवी झाली. बाबा म्हणाले, “आता शर्टाचा दोषही माझ्याच माथी!”

१४ मार्च
आईनं डाव्या बाहीचं बटण आतून लवचिक पट्टीवर शिवलं. बटण लावलेलंच राहतं, हात सरळ आत जातो. बाहेरून शर्ट साधा शर्टच.

काकांनी दार लावून घेतलं. पाच मिनिटांनी बाहेर आले. काकू सवयीनं पुढे झाल्या, हात बाहीपाशी नेला आणि थांबल्या. काही करायलाच नव्हतं.

“मग मी सकाळी काय करू आता?”

“चहा कर,” काका म्हणाले. “आज मी बाहेर चाललोय.” कोपऱ्यापर्यंत जाऊन आले. येताना हात अधू झालेल्या शेजारच्यांचा जुना शर्ट घेऊन आले आणि आईला म्हणाले, “ताई, ह्याचा पण बघा की.”

१७ मार्च
आईकडे चार शर्ट. चारही वेगळीकडे फाटलेले. प्रत्येक शर्ट धरून ती त्या माणसाची सकाळ सांगते. मी लिहून घेते. दोनदा मी आधी ओळखायचा प्रयत्न केला. दोन्हीदा चुकले.

मॅडम म्हणाल्या, निवडलेल्या संस्थापकानं वर्षभर रोज पूर्ण दिवस केंद्रात हजर राहायचं, ही पक्की अट.

२० मार्च
फॉर्म दिला. विमा कचेरीतही जाऊन आले. कुठे काय लिहिलं ते इथे लिहीत नाही – धाकटी वही वाचते. (वाच, वाच!)

३ एप्रिल
निवड झाली!!! पत्र आईच्या नावानं. संस्थापकाच्या रकान्यात मीच तिचं नाव घातलं होतं. “मला न विचारता?” तासभर ओरडली. मग हळूच – “तिथली मशिनं पायाची आहेत की मोटारीची?”

६ एप्रिल
आज आम्ही दोघी एकाच बसनं निघालो. मी विमा कचेरीत, आई तिच्या केंद्रात. खिडकी तिनं घेतली.