रिकाम्या फ्लॉपीचा आवाज

मास्तर, या हाकेला तू लाजायचास. पेणच्या शाळेत मी तुला मराठी शिकवलं आणि पुढे तू रोह्याच्या कंपनीत कॉम्प्युटरवर लागलास, तेव्हा पन्नाशीला टेकलेला मी रविवारचा तुझ्याकडे शिकायला यायला लागलो. "गुरुजी, मला मास्तर नका म्हणू, पाप लागंल," तू म्हणायचास. मी म्हणायचो, "लागू दे. गुरू तो गुरू, मग त्याला धड मिशी का फुटलेली नसेना." आता मी काठी घेऊन चालतो. तू आहेस तिथंच आहेस.

पेणहून पॅसेंजर पकडली की मी तू दिलेल्या कमांडी पाठ करायला लागायचो. शाळेतल्या कविता जन्मभर चालीवर म्हटलेल्या, त्यामुळे मला काहीही पाठ करायचं तर चाल लागते. गाडी निडी स्टेशनात रेंगाळायची, बाहेर भाताची खाचरं पसरलेली असायची आणि मी मान डोलावत फ्लॉपी जोडायचा मंत्र गुणगुणत बसलेला. एकदा समोरच्या कोळणीनं टोपली सरकवत विचारलं, "गुरुजी, या वयात कसली परीक्षा हाय?" डब्यातली माणसं हसली. मीही हसलो. रोह्याला उतरायचं, कुंडलिका नदीचा पूल ओलांडायचा आणि पलीकडच्या अष्टमी गावात तुझ्या खोलीवर यायचं. पुढच्या खोलीत तू आणि ते मशीन, मागच्या खोलीत स्टोव्ह आणि तुझी आई. खाडीकाठच्या मिठागरात उभा जन्म गेलेली बाई. तुला नोकरी लागल्यावर तू तिला तिथून काढून आणलंस. मशीन कंपनीनं मोडीत काढलेलं होतं. त्यावर दुसरं काही धड चालेना म्हणून तू लिनक्स नावाची प्रणाली चढवलीस, तीही अगदी हलकी. चित्रं नाहीत, खिडक्या नाहीत, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. मला ते फळ्यासारखं वाटलं, म्हणून आवडलं.

एका रविवारी मी आठवणीतली एक कविता इंग्रजी अक्षरांत टाइप करून फ्लॉपीवर ठेवली आणि बटण दाबून ती खट्कन बाहेर काढली. तू केवढ्यानं ओरडलास! "गुरुजी, काय केलंत! अनमाउंट कोण करणार?" फ्लॉपी पुन्हा लावली तर कवितेचं नाव होतं, कविता नव्हती. मग तू समजावलंस. फ्लॉपी आत ढकलली म्हणजे मशीनला ती दिसते असं नाही. माउंट म्हणून तिला जोडून घ्यावी लागते. आणि आपण लिहिलेलं लगेच तबकडीवर उतरत नाही, मशीन ते नुसतं डोक्यात धरून ठेवतं. अनमाउंट म्हटलं की मग ते उतरवतं, तेव्हा आतून कुरकुर ऐकू येते. "पेणचे ना तुम्ही? उत्तरपूजा केल्याशिवाय गणपती पाटावरून हलवता का?" आतून तुझी आई म्हणाली, "अरं, गुरुजींवर वरडतोस काय? त्यांच्या छड्या इसरलास?" "नाय इसरलो, म्हनून तं वरडतोय," तू म्हणालास. मग तिघांनी बसून तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीचं कालवण खाल्लं. ती चव मला अजून आठवते, कवितेचं दुसरं कडवं मात्र आठवत नाही.

त्या वर्षी पावसाळ्यानंतर तुला ताप आला. तू अंगावर काढलास. सकाळी शिफ्टला जायच्या आधी मशीनपुढे बसून काहीतरी लिहीत होतास आणि बसल्या जागी कोसळलास. शेजारी धावत आले. कुणी तुला उचललं, कुणी मशीनचं बटण बंद केलं, कुणी आतली फ्लॉपी काढून, कामाची असेल म्हणून, तुझ्या आईच्या हातात दिली. तुला रोह्याच्या दवाखान्यातून मुंबईला हलवलं. तिथून तू परत आला नाहीस.

बाराव्यानंतर थोड्याच दिवसांनी तुझी आई शाळेत आली. मधली सुट्टी होती. पदराच्या गाठीतून तिनं ती फ्लॉपी काढली. "गुरुजी, त्या सकालच्याला तो ह्याच्यातच लिवत व्हता. काय लिवलंय तेवढं वाचून दावा." शाळेतलं मशीन तूच बसवून दिलेलं होतं. मी फ्लॉपी घातली, माउंट केली, आतून कुरकुर झाली. एकच फाइल होती. नाव असं, की त्यावरून काही कळू नये. आत एकही अक्षर नव्हतं. तू लिहिलेलं सगळं त्या मशीनच्या डोक्यात राहिलं होतं, आणि बटण बंद झालं तेव्हाच गेलं. तिला काहीतरी रचून सांगावं असं मनात आलं. शब्द तर माझ्या हाताशी होते, उभा जन्म तेच केलं होतं. पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हणालो, "आई, उतरलं नाही. यात काही नाही."

ती रडली नाही. म्हणाली, "मंग आवाज कसला आला?"

"तो मशीनचा. फ्लॉपी फिरते ना, त्याचा."

"मी भाकऱ्या थापायची तवा भिंतीपल्याडनं असाच यायचा. म्हंजे पोर उठलाय, बसलाय. आवाज थांबला का मी च्या ठेवायची." मग म्हणाली, "परत लावा, गुरुजी."

मी अनमाउंट केली, काढली, परत लावली. कुरकुर झाली. तिनं डोळे मिटले. घंटा झाली, पोरं वर्गात गेली, मी वर्गावर गेलो नाही. पुढेही ती पेणच्या बाजाराला आली की शाळेत यायची, खुर्चीच्या कडेला टेकायची आणि म्हणायची, "लावा." मी लावायचो. कधी ती तेवढ्यानं उठायची, कधी दोनदा लावायला सांगायची. मग तिचं येणं थांबलं. धरमतरकडे भावाच्या घरी गेली असं कळलं, आणि काही वर्षांनी, तीही गेली असं कळलं.

आता माझ्याकडे एक जुना लॅपटॉप आहे. त्याच्यावरही मी हलकंच लिनक्स घालून घेतलंय. पेनड्राइव्ह लावतो, काढताना न चुकता अनमाउंट करतो. पण त्याला आवाज नाही. आत काही चाललंय की नाही, काहीच कळत नाही.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकतो. तुझ्या दहाव्याला मी नदीवर मागे उभा होतो. माणसं तुझ्या आईला भेटत होती, मामाला भेटत होती. कुणीतरी मला विचारलं, "तुम्ही कोण त्याचे?" मी म्हणालो, "शिक्षक." तो मान हलवून पुढे गेला. त्यानं आणखी विचारलं असतं, तरी मला सांगता आलं नसतं. मास्तर, मला कॉम्प्युटर शिकायचाच नव्हता. आमच्या घरी मूल नव्हतं, आणि रविवार फार मोठा असायचा.