वीस पिशव्या

ठाणे, चेंदणी कोळीवाडा
८ डिसेंबर १९९१

॥ आई एकवीरा प्रसन्न ॥

चि. रतन हिस आत्याचे अनेक आशीर्वाद.

माझ्या उत्तमबरोबर डबा पाठवलाय. तू सांगितलंस तसं केलं. जिताडा मासा कापला की त्याच्या पोटाची पिशवी न धुता लगेच त्या वाफा येणाऱ्या डब्यात टाकायची. काय गार असतो गं तो, पहिल्या दिवशी बोट भाजलं की गोठलं तेच कळेना! गिऱ्हाईकं हसतात, शेवंती ही घाण कुणासाठी जपते म्हणून. मी सांगते, माझी भाची माशाच्या पोटातली बुळबुळ शिकून डॉक्टर होणार आहे.

तीन पिशव्या कमी पडत होत्या. पण अपुरा वाटा मी जन्मात कुणाला दिला नाही, तो घरच्या पोरीला देईन? पुऱ्या वीस केल्यात.

तुमचं छापून येतं त्याच्या शेवटी मदत करणाऱ्यांची नावं देतात म्हणालीस. माझं येईल का गं? आलं तर कागद दे, काचेत लावीन.

जेवणाची हेळसांड करू नकोस, आत्याला विसरू नकोस.
तुझी,
शेवंतीआत्या


डोंबिवली पूर्व
२० ऑगस्ट १९९२

ती. शेवंतीआत्यास रतनचा शि. सा. न. वि. वि.

ठाणं इथून अर्ध्या तासावर, तरी पत्र लिहितेय. समोर बसून विचारायचा धीर होत नाही.

पोटातलं आम्ल गिळलेला मासा विरघळवतं, पण पोटाला जाळत नाही, कारण आतून बुळबुळीचा थर असतो. तो थर ज्या प्रथिनाचा, त्याचं जनुक मी शोधतेय, हे तुला माहीतच आहे. तुझ्या वीसही पिशव्या मी एकत्र वाटल्या, आणि त्यातून एका प्रथिनाची दोन वेगवेगळी जनुकं निघाली. मी हरखून गेले. पुण्याच्या परिषदेत छातीठोकपणे सांगून आले, निबंध छापूनही आला.

आता एका ताज्या जिताड्याचा डीएनए घेऊन तपासलं, तर दुसरं जनुक त्यात नाहीच. पाच वेळा करून पाहिलं. निकाल मी मनानेच रचले की काय, अशा नजरेने सरांनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हापासून कुणाच्या डोळ्याला डोळा देववत नाही.

आत्या, त्या तीन पिशव्या कुठून आणल्या होत्यास? रागावणार नाही, पण खरं ते कळव.

माया आहे तशीच असू दे.
तुझी,
रतन


ठाणे
२४ ऑगस्ट १९९२

चि. रतनला अनेक आशीर्वाद.

त्या तीन शिंगाळ्याच्या होत्या.

वाटा कमी भरला की आम्ही त्यात दुसरा मासा घालतो. त्यात फसवणूक नसते, गिऱ्हाईकाला डोळ्यांनी दिसतं, आणि त्याची टोपली भरते. मला वाटलं, पोट ते पोट. शिंगाळ्याला तर बुळबुळ जास्तच, पोरीचा फायदाच होईल. तुला सांगायचंही सुचलं नाही, इतकं ते रोजचं.

तीन दिवस बाजारात बसले नाही. माझ्यामुळे तुझी मान खाली गेली, मला फार लाज वाटते. मी तुझ्या सरांकडे येते. पाया पडून सांगते की चूक या अडाणी बाईची, पोरीची नाही. कधी येऊ?

तुझी अपराधी
आत्या


डोंबिवली पूर्व
२९ ऑगस्ट १९९२

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

येऊ नकोस. का, ते लिहिताना माझा हात अडतोय.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी सरांना सांगून टाकलं, की बाजारातल्या एका कोळणीने आपल्याला फसवलं. माझी आत्या असं म्हटलंच नाही. तू माझी कोण, हे तिथे कुणालाच माहीत नाही. निबंधाच्या शेवटी तुझ्या नावाच्या जागी ‘स्थानिक मासेविक्रेती’ असं लिहिलं होतं, तेही मीच. म्हणून तुला कागद दिला नाही. आता निबंध मागे घेण्याच्या पत्रात सरांनी ‘विक्रेतीने फसवणूक केली’ असं लिहिलंय.

आई गेल्यावर तू मला वाढवलंस, आणि मी दारावर आलेल्या तुझ्या उत्तमला वास येतो म्हणून बाहेरच थांबवत आले. चूक तुझी नाहीच. एकेक पिशवी वेगळी तपासायची ती मी एकत्र वाटली. शिंगाळ्याची पिशवी तू डोळे मिटून ओळखली असतीस. माशांवर डॉक्टर व्हायला निघालेली मी, ओळखू शकले नाही.

सोमवारी सरांना सगळं सांगणार आहे. काढून टाकलं तर टाकलं.

लोभ असू दे असं लिहायचा हक्क मला उरलाय का, माहीत नाही.
रतन


ठाणे
१२ सप्टेंबर १९९२

चि. रतनला आशीर्वाद.

तू सरांना सगळं सांगितलंस, आणि ते नवे नमुने आण म्हणाले, असं उत्तमकडून कळलं. बरं झालं. पण मला वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. फसवणूक हा शब्द खोडला की नाही, ते तू कळवलं नाहीस. आधी तो खोडायला लाव.

डबा पाठवलाय. प्रत्येक पिशवी वेगळ्या पुडीत आहे, चिठ्ठीवर माशाचं नाव आणि तारीख. तू वीस मागितल्यास, जिताड्याच्या सतराच मिळाल्या. सतराच पाठवतेय. जन्मात पहिल्यांदा अपुरा वाटा देतेय.

रिकामा डबा न्यायला उत्तम येईल तेव्हा त्याला आत बोलावून पाणी दे. आणि या वेळी नाव लिहायचं झालं, तर असं लिही:

शेवंती दामाजी कोळी, मासेविक्रेती. रतनची आत्या.