नवऱ्याच्या जागी छत्री

३ ऑगस्ट

हसली! मी तुझा द्वेष करते असं तिला धडधडीत सांगितलं, आणि ती बया हसली!

नीट लिहिते. काल माझा वाढदिवस. बाबांचा फोन आला नाही. आम्हाला सोडून जर्मनीत त्या बाईकडे गेल्याला आठ वर्षं झाली, पण वाढदिवसाचा फोन आजवर चुकला नव्हता. म्हणजे तिनेच करू दिला नसणार. आज आई कामावरून यायच्या आत मी त्यांच्या घरचा नंबर फिरवला. तिनेच उचलला. बारीक, लाडीक आवाज, नाकातून काढलेला. शी! बाबांना हे असलं आवडलं? शाळेत दोन महिने शिकलेलं सगळं जर्मन गोळा केलं आणि म्हणाले, ‘इश हासे डिर!’ मग फिसकन हसली. म्हणाली, ‘डिश!’

डिर नाही, डिश. शिवी द्यायला गेले आणि तिने माझं व्याकरण सुधारून दिलं! फोन आपटला. कानशिलं अजून तापलेली आहेत.

४ ऑगस्ट

जर्मनच्या मॅडमना विचारलं. म्हणाल्या, ‘तुम्ही सगळे इथेच आपटता.’ आपल्याकडे तुला बघते आणि तुला देते, दोन्हीकडे ‘तुला’च. त्यांच्याकडे बघायचं तर डिश, द्यायचं तर डिर. ‘आणि कुणाचा द्वेष करायचा असेल तर डिश!’ वर्ग खो खो हसला. हसा लेको.

माझं ठरलं. एक वाक्य. एकच, पण काना-मात्रेची चूक नसलेलं. तिला हसायला तिळभर जागा ठेवणार नाही.

११ ऑगस्ट

विभक्त्या. डेर, डेन, डेम. वर्गातली निम्मी मुलं रडकुंडीला आलीत. मॅडम म्हणतात, नुसती शेपटं पाठ करू नका. आधी विचारा — कुणी केलं? काय केलं? झळ कुणाला बसली? मग शेपूट आपोआप येतं.

मला तर हे आठ वर्षांपासून येतंय! कुणी केलं — तिने. झळ कुणाला — आईला, मला. बाकीचे बसलेत पुस्तकातला कुत्रा पुस्तकातल्या पोस्टमनला चावतो का पोस्टमन कुत्र्याला, ते शोधत. माझ्याकडे खरी माणसं आहेत. माझा हात सगळ्यांच्या आधी वर.

१४ ऑगस्ट

आजचा शोध. ज्याला काही देतो त्याला जी विभक्ती, ज्याच्याकडून हिसकावून घेतो त्यालाही तीच! डाटिव. म्हटलं, मॅडम, हा कुठला न्याय? म्हणाल्या, ‘दिलं काय नि नेलं काय, फरक त्यालाच पडतो ना?’

घरी येईपर्यंत तेच डोक्यात. बस पुढे निघून गेली, चालत आले.

१९ ऑगस्ट

वाक्य झालं! ‘तू माझ्या आईचा नवरा हिरावून घेतलास आणि माझा बाप.’ तुम्ही नाही — तू. तिला कसला मान!

पण तपासून तर घ्यायला हवं, आणि मॅडमना हे कसं दाखवणार? शेवटी नवऱ्याच्या जागी छत्री घातली. त्यांच्याकडे छत्री पुल्लिंगी आहे, त्यामुळे शेपूट तेच राहतं. बापाच्या जागी टेबल घातलं. मॅडमनी दोनदा वाचलं. ‘एकही चूक नाही. पण काय गं, एका छत्रीसाठी एवढी आग?’

म्हटलं, गळत होती, पण आमची होती.

मॅडमनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मी वही घेऊन सटकले.

२३ ऑगस्ट

आईने पकडलं. आरशासमोर उभी राहून घोकत होते. ती दातांच्या दवाखान्यातल्या कामावरून नुकतीच आलेली, अंगाला त्या औषधाचा वास, पिशवी अजून खांद्यावर. ‘जर्मन बोलतेस का भांडतेस?’ खोटं बोलायला गेले, जमलं नाही. सगळं सांगितलं.

वाटलं, रडेल नाहीतर रागवेल. ती चपला काढत म्हणाली, ‘त्या बाईने काही हिरावलं नाही. कडेवर घेऊन न्यायला काय तान्हं बाळ होता तो? आपल्या पायांनी गेला.’

म्हटलं, तू तिची बाजू घेतेस?

‘बाजू कसली? फोन करू नको असं मी म्हणणार नाही. पण वाक्यातला माणूस बदल.’

नाही बदलणार! आई अशी पडतं घेणारी म्हणून तर ही वेळ आली. बाबांना घालवणारी कुणीतरी असलीच पाहिजे. नाहीतर ते आम्हाला कंटाळून गेले असं होईल. हे मला चालणार नाही.

२४ ऑगस्ट

आईशी अबोला.

२८ ऑगस्ट

विभक्त्यांच्या परीक्षेत वर्गात पहिली आले. मॅडमनी टाळ्या वाजवायला लावल्या. मला त्याचं काही नाही. — खोटं कशाला, आनंद झाला. पण खरा पेपर परवा.

३० ऑगस्ट

केला फोन. तोच बारीक आवाज. वाक्य म्हटलं, सबंध, सावकाश, एकही शेपूट न चुकता. ती हसली नाही. मी वाट बघितली, मग राहवेना, तोंडातून आपलीच भाषा निघाली — ‘आता का गप्प? हस ना!’

पलीकडे कुणीतरी नाक ओढलं. लहान मुलीचा आवाज. तेव्हाही लहान मुलीचाच होता. अडखळत, एकेक शब्द शोधत, मराठीत — ‘ताई? तू ताई ना? बाबा इथून गेले. तुझ्याकडे आलेत का?’