गच्चीवरची खोटी पाटी

पुणे, ८ एप्रिल २०२४

तीर्थरूप आजोबा,
शि. सा. न. वि. वि.
फोन केला तर आई ऐकेल, म्हणून पत्र. अक्षराला हसू नका.

माझ्याकडून लोचा झालाय. शेजारच्या इंदूआजी गच्चीवर कुरडया घालतात आणि कावळे हाकायला मला बसवतात. वैतागून मी मोबाइल टॉवरपाशी पाटी लावली : ‘सावधान! रेडिएशन. गच्चीवर थांबू नये.’ खाली कंपनीचा शिक्का, बटाट्यात कोरलेला. वाटलं, हसतील नि फाडतील. पण मिस्टर गेल्यापासून रोज संध्याकाळी तिथे बसणाऱ्या आजी आता वर येतच नाहीत. फ्लॅट विकून लेकीकडे लोणी काळभोरला जायचं म्हणतायत. रविवारी गिऱ्हाईक येतंय.

तुम्ही टेलिफोन खात्यातले. काय करू?

आशीर्वाद चालू ठेवा, सध्या फार लागतायत.
तुमचा केयूर

ओतूर, ११ एप्रिल

चि. केयूर यास अनेक आशीर्वाद.
बटाट्याला हसलो, मग हसू आटलं. त्याच गच्चीवर मी टीव्हीचा अँटेना फिरवायचो. खालून तुझी आजी आणि इंदूबाई ओरडायच्या, मुंग्या आल्या, मुंग्या गेल्या. मॅच संपेस्तोवर मला दोघींनी खाली येऊ दिलं नाही. फार चांगले दिवस होते रे.

पण घाबरणारा माणूस मूर्ख नसतो. टॉवरच्या अँटेनासमोर अगदी जवळ थांबू नये, हा नियम खराच आहे. बाकी गच्चीचं मोजल्याशिवाय मीही सांगणार नाही. टेलिकॉम खात्याकडे अर्ज केला की मीटर घेऊन माणसं येतात. मात्र आधी इंदूबाईंकडे जा. पत्र वाचलं की लगेच.

चिडलोय, पण माया तेवढीच आहे.
तुझे आजोबा, मच्छिंद्र

पुणे, ८ मे

तीर्थरूप आजोबा,
शि. सा. न. वि. वि.
तुमचं पत्र त्याच शनिवारी आलं, तसाच गेलो. आजी ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, मिस्टर असते तर शिक्का छान जमलाय म्हणाले असते. मग रडल्या. त्यापेक्षा दोन ठेवून दिल्या असत्या तर बरं. गिऱ्हाइकाला थांबवलं, पण मोजल्याशिवाय वर येणार नाही म्हणाल्या.

काल मीटरवाले आले. आजींची जागा मर्यादेच्या खूप आत निघाली. पण मी रील काढायला टाकीवर चढतो ना, तिथे अँटेना थेट तोंडासमोर. साहेब म्हणाले, कुंपण नि पाटी इथे पाहिजे. सगळी सोसायटी माझ्याकडे बघत होती. आईला मीच सांगून टाकलं. ती बोलत नाहीये.

संध्याकाळी आजी वर आल्या. नेहमीच्या जागी बसल्या. मग माझ्या फोनवरून लेकीला सांगितलं, मी येत नाही, माझी संध्याकाळ इथेच आहे. लेक म्हणाली, आज आवाज किती स्पष्ट येतोय. आजींनी टॉवरकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी खाली बघत बसलो.

ओरडा हप्त्याने द्या, लोभ एकदम पाठवा.
केयूर