नावाडिणीची पाळी

४ जून

चि. भिंगरी हिस,
आजोबांचे अनेक आशीर्वाद. इकडे क्षेम, तिकडचं कळवत जा.

काल दुपारी जरा आडवा झालो होतो आणि एकदम तो आवाज आठवला. आमच्या शाळेतल्या बाकांना झाकणं असायची. कवितेचा तास संपताना मास्तर शेवटची ओळ म्हणायचे, मागोमाग सगळा वर्ग ती म्हणायचा, आणि मग अख्ख्या वर्गाची झाकणं मिटायची. धाडकन नव्हे, मास्तरांना ते खपत नसे. हलकेच, एकामागून एक, पत्ते पिसल्यासारखी. मला कविता जास्त आवडायची की तो आवाज, हे अजून ठरलेलं नाही. काल तो आठवला, बराच वेळ कानात राहिला, पण आत काही हललं नाही. तुझी आई गेल्यापासून हे असंच. सगळं दिसतं, ऐकू येतं, पोचत मात्र नाही.

असो. तुझं पत्र मिळालं. फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं मी मनानेच भरतो, तेव्हा लिहितेस हे बरं करतेस. तुमच्या रविवारच्या खेळासाठी जादूच्या वस्तू हव्यात, त्याही जबरदस्त, असं म्हणतेस. खेळ मला जेमतेम कळला आहे: प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, तू गोष्ट सांगायचीस, आणि अडलं की फासा टाकायचा. मोठी माणसं असं खेळतात याचं मला नवल नाही. मी जन्मभर चष्मे विकले. समोरचं नीट दिसायला लागलं की माणसाला समोर नसलेलंही बघावंसं वाटतं.

तर वस्तू पहिली, छत्री. ती भुजंगप्रयातात बसवली आहे:

उभारी जिला थांबती बाण सारे,
मिटे ज्या क्षणी शांत होती नगारे.

वस्तू दुसरी, चष्मा. घातला की समोरचा माणूस जे बोलणार होता आणि बोलला नाही, ते ऐकू येतं. चष्म्यातून ऐकू कसं येतं असं विचारू नकोस, जादू आहे. दोन्ही वस्तूंना आजीवन दुरुस्ती फुकट. दुकानाची रीत मोडवत नाही.

जावईबापू कसे आहेत? त्यांना नमस्कार सांग. उत्तराची घाई नाही म्हणावं.

लोभ आहेच, तो मुरू दे.
तुझे,
आजोबा


८ जून

ती. आजोबांस,
भिंगरीचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुमच्या छत्रीने माझी वाट लावली. आम्ही दातवालीच्या दवाखान्यात खेळतो. रविवारी पेशंट नसतात, म्हणून तिच्या बाहेरच्या खोलीत, भिंतीवरच्या भल्यामोठ्या दाढेच्या चित्राखाली. तिथे काल आमच्यातल्या वेल्डरने पहिल्याच पाळीला छत्री उघडली आणि युद्ध थांबलं. कायमचं. मी महिनोन्महिने जमवलेली फौज घरी गेली. वेल्डरने विचारलं की आता या सैनिकांना पेन्शन कोण देणार. दातवाली मला म्हणाली की तू बऱ्याच दिवसांनी हसलीस. मला काही ते कळलं नव्हतं.

आजोबा, वस्तू जितकी मोठी तितकी तिची किंमत मोठी असावी लागते. तलवार डोंगर कापत असेल तर ती चालवणाऱ्याची झोप उडाली पाहिजे. फुकटात दिलं की गोष्टच संपते. आजीवन दुरुस्तीची अट मी काढून टाकली आहे, राग मानू नका.

आता खरं काम. आई आमच्यात खेळायची हे तुम्हाला माहीत आहे. तिचं पात्र म्हणजे नावाडीण. हॉस्पिटलात जायच्या आधीच्या रविवारी ती आम्हाला न्यायला नाव घेऊन येत होती आणि नदीच्या मध्यावर खेळ थांबला. नाव अजून तिथेच आहे. आम्ही अलीकडच्या काठाने लढत बसलो, पलीकडे कुणी गेलेलंच नाही. आमच्या टेबलाची एक रीत आहे, आईनेच पाडलेली: दुसऱ्याची पाळी कुणी खेळायची नाही. म्हणून फेरी तिच्या खुर्चीपाशी आली की मी दर रविवारी विचारते, नावाडीण, काय करतेस. मग सगळे थांबतो. मग पुढच्याकडे जातो.

दातवालीला हे थांबणं आता सोसत नाही. काल तिने सरळ सांगितलं की महिनाअखेरपर्यंत नावाडिणीला मानाने निरोप द्या, नाहीतर खेळ बंद करू. ती चुकीचं बोलली असं मला वाटत नाही. पण आठवड्यात मी तेवढंच बोलते, आजोबा. ऑफिसात मान हलवते. घरी बाबा ताटं घासतात, मी विसळते. खेळ बंद झाला तर मी बोलायची बंद होईन. याची भीती वाटायला हवी, तीही वाटत नाही.

तेव्हा नावाडिणीला त्या नदीतून सोडवील अशी एक वस्तू करा. तुमच्या लेकीचं पात्र आहे, तुम्हीच करा.

प्रेम आहे ते राहू द्या.
तुमची,
भिंगरी


१२ जून

चि. भिंगरी हिस, अनेक आशीर्वाद.

पेन्शनचं वाचलं. वेल्डरला म्हणावं, छत्री परत आणून दे, बदलून देतो.

तुझं काम घेऊन खिडकीशी बसलो. पूर्वी भिंग घासायला बसायचो तसा, पाठीवर ऊन घेऊन. तीन वस्तू झाल्या. एक शिट्टी: फुंकली की पाण्यावरचं माणूस, असेल तिथून, काठाला येतं. एक कंदील: ज्याच्या नावाने लावला तो उजेडाच्या रेघेवरून चालत घरी येतो. एक दोरी: तिचं एक टोक आपल्या हातात असलं की दुसऱ्या टोकाला कोण आहे ते आपण ठरवायचं.

किंमत लिही म्हणतेस. लिहायला बसलो आणि पेन खाली ठेवलं. या वस्तूंची किंमत आपण आगाऊ भरलेली आहे, भिंगरी. पुन्हा कशाला?

दुपारी जुन्या कविता म्हणून पाहतो. शब्द येतात. चालही येते.

लोभ राखावा, राखतेसच.
आजोबा


१५ जून

ती. आजोबांस, साष्टांग नमस्कार, वि. वि.

शिट्टी, कंदील, दोरी, तिन्ही नकोत. तुमच्या लक्षात आलं असेल की तिन्हींनी एकच गोष्ट होते.

आमच्या खेळात मेलेली माणसं परत येतात. नियमांच्या पुस्तकात त्याचं पान आहे. फासा टाकायचा आणि माणूस उठतो. म्हणूनच ते मला करता येत नाही. मी नावाडिणीला काठावर आणीन, आणि मग तिचं बोलणं मलाच बोलावं लागेल. आईच्या आवाजात. वेल्डर आणि दातवाली माना डोलावतील. ते माझ्याने होणार नाही.

मला तिला आणायची वस्तू नको, जाऊ देणारी हवी. आणि तिला किंमत हवी. आपण भरलेली नाही, पुढे भरायची.

तुमची पत्रं मी फ्रिजवर लोहचुंबकाने लावून ठेवते. बाबा त्यांच्यासमोर उभे असतात. वाचतात की नुसते उभे असतात ते कळत नाही. कामावर जातात, लिफ्ट तपासतात, परत येतात. तुमचा नमस्कार सांगितला. हं म्हणाले. खेळाबद्दल तर त्यांनी कधीच काही विचारलेलं नाही. आई असताना चिडवायचे तरी, की दोघी मायलेकी दाढेखाली बसून नदी ओलांडता.

रागावू नका. रागावलात तर तेही लिहा, वाचायला आवडेल.
भिंगरी


१८ जून

चि. भिंगरी हिस, अनेक आशीर्वाद.

रागावलो नाही. प्रयत्न केला होता.

काल एक कविता मोठ्याने म्हणत होतो आणि तिसऱ्या ओळीनंतर थांबलो. मी तिथे नेहमीच थांबतो. अर्थ तिथे तुटत नाही, वृत्तही तुटत नाही. मग आठवलं की त्या ओळीपाशी मास्तरांना खोकला यायचा. मास्तर जाऊन किती काळ लोटला. त्यांचा चेहराही मला धड आठवत नाही. पण ते खोकण्यापुरते थांबायचे, आणि मी इतकी वर्षं तेवढाच थांबत आलो आहे.

त्यावरून ही वस्तू केली. वृत्तात बसत नाही, साधीच लिहितो.

वल्हं. नावाडिणीच्या हातातून सुटून ते वाहत तुमच्या काठाला लागेल. त्याने कुठलंही पाणी ओलांडता येतं, पलीकडचा काठ दिसत नसला तरी. दुसऱ्या कुणी ते उचललं की त्या क्षणी नावाडीण मोकळी होते. ती नावेतून उतरते आणि पाण्यावरून चालत जाते. कुठे, ते वल्ह्याला माहीत नाही. फासा टाकायचा नाही.

किंमत: जो उचलेल त्याला नावाडिणीची एक सवय लागेल. कुठली, ते निवडता येणार नाही. लागलेली सवय सुटणार नाही. दुरुस्ती नाही, बदलून मिळणार नाही. हे शेवटचं वाक्य लिहायला मला अख्खी सकाळ लागली.

लोभ आहे. वजन वाटलं तरी बाळगावा.
आजोबा


२२ जून

ती. आजोबांस, साष्टांग नमस्कार, वि. वि.

वल्हं वाचून दाखवलं. वेल्डरने तेवढ्यापुरती टोपी काढली. दातवाली म्हणाली की इतकी चांगली वस्तू आमच्या टेबलावर आजवर आली नव्हती. मग मी सांगितलं की वल्हं काठाला लागलं आहे, कोण उचलतं.

कुणी उचललं नाही.

वेल्डर म्हणाला की त्याला भीती नाही, पण आईची सवय त्याच्याकडे आली तर ती उगाच परक्या घरी गेल्यासारखी होईल. दातवालीने सांगितलं की तिला हक्क नाही. मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. पण गोष्ट सांगणाऱ्याने पात्र घ्यायचं नसतं. शिवाय माझ्याकडे तिच्या सवयी आधीच इतक्या आहेत की आणखी एक आली तरी कळायची नाही. वल्हं तिथेच पडून राहिलं. फेरी पुढे गेली. मी खुर्चीला विचारलं, आम्ही थांबलो, दातवालीने पर्स उचलली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली.

तुमची वस्तू कमी पडली नाही, आजोबा. माणसं कमी पडली. पुढचा रविवार शेवटचा. मी दवाखान्याची किल्ली परत द्यायची तयारी ठेवली आहे.

इथे सगळं बरं आहे. म्हणजे वाईट काही नाही.
भिंगरी


२३ जून

ती. आप्पांस,
सा. न. वि. वि.

बऱ्याच महिन्यांनी लिहीत आहे, क्षमा असावी. प्रकृती ठीक असेल.

फ्रिजवर लावलेलं आपलं वल्ह्याचं पत्र वाचलं. मी लिफ्ट तपासतो हे आपण जाणताच. प्रत्येक लिफ्टमध्ये पाटी असते, माणसं किती, वजन किती. तशी पाटी आपल्या वल्ह्यावर नाही. एक सवय लागेल असं लिहिलं आहे. एकच लागेल याची खात्री काय?

विचारायचं कारण असं. ती जिना उतरताना कठड्यावर बोटांनी ठेका धरायची. आता मी धरतो. लोक वळून बघतात. खोलीतून बाहेर पडताना ती दिवा तसाच ठेवायची, आणि त्यावरून मी तिला रोज बोलायचो. आता मीही ठेवतो. भिंगरी मागून येऊन बंद करते, मला काही म्हणत नाही. परवा वरच्या मजल्यावर लिफ्ट तपासताना मी कुणाशी तरी बोलत होतो. मेकॅनिकने विचारलं, साहेब, कोणाशी. ती अशी यंत्रांशी बोलायची. मिक्सरशीसुद्धा.

मी वल्हं उचललेलं नाही. मला तो खेळही येत नाही. मग हे कसं? आपल्या सवडीने कळवावे.

आपला लोभ अजून आहे असं धरून चालतो.
आपला,
जावई


२८ जून, रविवार

ती. आजोबांस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

हे पत्र दवाखान्यातूनच लिहिते आहे. गोष्ट सांगणाऱ्यासमोर पुठ्ठ्याचा आडोसा असतो, म्हणजे तिचे कागद बाकीच्यांना दिसू नयेत. त्याच्यामागे तुमचं पत्र चाललंय. दोघांना वाटतंय मी नियम बघते आहे.

काल तुमचं बाबांच्या नावचं पत्र आलं. त्यांनी ते फ्रिजवर लावलं नाही, शर्टाच्या खिशात ठेवलं. तुम्ही दोघं कधीपासून पत्रं लिहायला लागलात? जेवताना त्यांनी मला विचारलं की तुमच्या त्या नदीला ओढ कितपत असते. मी म्हटलं बेताची. हं म्हणाले. मला वाटलं, पाण्याच्या पंपाचं काही काम असेल.

आज वेल्डर लवकर आला, चांगला शर्ट घालून. शेवटचा दिवस म्हणून असेल. दातवालीने टेबल पुसून घेतलं. पहिली फेरी नीट झाली, कुणी घाई केली नाही. वल्हं काठावर आहे हे मी पुन्हा सांगितलं. वेल्डरने मान खाली घातली. दातवालीने पाळी सोडली.

मग खुर्ची आली. मी विचारलं. आता थांबलो आहोत, म्हणूनच एवढं लिहिता येतंय. आज नेहमीपेक्षा जास्त थांबायचं असं न ठरवताच ठरलंय. मला काही वाटत नाहीये. हे संपलं की किल्ली द्यायची, पुठ्ठा मिटायचा आणि

दार वाजलं. दातवाली हळूच म्हणाली की कुणाची तरी दाढ ठणकत असेल, रविवारीच ठणकतात. वेल्डर उघडायला गेला.

बाबा आहेत. कामाचे बूट, हातात हेल्मेट. आत यायचं की नाही ते न कळून उंबऱ्यातच उभे आहेत. वेल्डरला म्हणाले की ते वल्हं मी घेतो, फक्त धरायचं कसं तेवढं कुणीतरी दाखवा.