तुझ्या वयाची झाले ते दिवस

आई,

तू गेलीस त्याला तपाहून जास्त काळ झाला. पण यंदाच्या हिवाळ्यात माझं जे झालं ते सांगायला तुझ्याशिवाय कुणी सुचत नाही. मूल राहत नाही म्हणून आम्ही पुण्याला टेस्ट ट्यूबचे उपचार सुरू केले. मला वाटलं होतं, आल्या आल्या बीजं वाढवायची औषधं देतील. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आधी उलटं करायचं. अंडाशय पूर्ण शांत करायचे, म्हणजे मधेच बीज सुटून जात नाही. मग आम्ही त्यांना जागं करू." त्यासाठी रोज सकाळी पोटात एक बारीक सुई. तू न पाहिलेल्या तुझ्या जावयाला पहिल्या दिवशी ती टोचवेना, शेवटी मीच टोचून घेतली. काही दिवस पाळी गेलेल्या बाईसारखं होईल, घाबरू नका, असं बाईंनी बजावलं होतं. मी मान हलवली होती. ऐकलं नव्हतं.

मग एका सकाळी, इथं सासरी खोडदच्या त्या गारठ्यात, भाकरी थापता थापता छातीतून काहीतरी वर चढलं. मान, कान, कपाळ, सगळं पेटल्यासारखं. ब्लाउज ओला झाला, काळीज धडधडायला लागलं. भाकरी तव्यावर तशीच टाकून मी अंगणात पळाले आणि तिथं उभ्या उभ्या मला तू आठवलीस. आपल्या गावी, शिनोलीच्या शाळेत तू पोरांची खिचडी शिजवायचीस, तेव्हाची. जानेवारीच आहे. मी कॉलेजातून परस्पर तुझ्याकडे आलेय. तू मोठं पातेलं चुलीवर सोडून बाहेर येतेस आणि पाण्याच्या टाकीच्या गार सिमेंटला गाल लावून उभी राहतेस. पोरं बघतायत. मी म्हणते, "आई, बरं नाही का? दवाखान्यात जाऊ या." तू डोळे न उघडता म्हणतेस, "दवाखान्यात काय करायचंय? अंगात इस्तू पेटल्यावानी व्हतंय. पाळी जायला लागली की समद्याच बायांना व्हतं." मग जराशी हसतेस. "सुटले एकदाची." आणि पदरानं तोंड पुसून परत आत. त्याच हिवाळ्यात संध्याकाळी थंडी वाजते म्हणून मी दार लावलं, तर तू केवढ्यानं ओरडलीस, "उघड ते दार! माझ्या जिवाचं कुनाला काय हाय का न्हाई?" आणि ओरडून झाल्यावर तूच रडायला लागलीस. आम्हांला वाटलं, आई अलीकडे चिडकी झालीय. तुझ्या अंगात काय चाललं होतं ते आम्ही कुणी पुन्हा विचारलंसुद्धा नाही.

सासूबाई माझ्यामागोमाग अंगणात आल्या. त्यांना पोटाचा इलाज चाललाय एवढंच माहीत होतं. माझं तोंड बघून त्यांचा चेहराच उतरला. "इतक्यात आलं व्हय गं तुला हे? मंग आता पोराचं न्हाईच का?"

"नाही आत्या, हे औषधानं आणलंय. परत जाणार आहे."

"मुद्दाम आनलंय?" त्या मटकन पायरीवर बसल्या. "आमी हे टळावं म्हनून देवाला हात जोडलं, आन तुमी सुया टोचून घेताय." मग आत जाऊन त्यांनी पंचा भिजवून आणला आणि माझ्या मानेवर ठेवला. पुढं रोज ठेवत राहिल्या.

पुढच्या सोनोग्राफीत डॉक्टरीणबाई खूश होत्या. "छान, अगदी शांत आहेत." दिवसभर हे खुशीत होते, स्टँडवर मला आग्रहानं दोनदा चहा पाजला. मग जागं करायची इंजेक्शनं सुरू झाली. अंडाशय जागे व्हायला लागले की आग कमी होईल असं मला सांगितलेलं, पण ती काही कमी होईना. मी यांना बोलले नाही, पण मला तेव्हाच कळलं होतं. दर खेपेला बाई पडद्याकडे आधीपेक्षा जास्त वेळ बघायच्या. शेवटी म्हणाल्या, "जागेच होत नाहीयेत. या वेळी इथेच थांबवू या."

यांनी विचारलं, "म्हणजे बीज काढायचंच नाही?"

"काढण्यासारखं काही नाही हो."

एसटीत नारायणगाव येईपर्यंत हे माझी पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले होते. घरी सासूबाई मासवड्या करत होत्या. त्यांनी आमच्या तोंडाकडे बघितलं. "हातपाय धुवा. गरम हाय तवर खाऊन घ्या," एवढंच म्हणाल्या. मी जेवले. त्या दिवशी भूक कशी लागली, कोण जाणे.

आता आग थांबलीय. पाळीही आली. बाई म्हणतात, पुढच्या वेळी इतकं झोपवायचं नाही, दुसऱ्या पद्धतीनं करू. हे रोज तोच विषय काढतात. परवा अंगणात कांदे निवडताना म्हणाले, "उन्हाळा सरला की जाऊ ना?" इतक्या आशेनं बघत होते, की मी हो म्हणून बसले.

आई, मला परत नाही जायचं. हे मी अजून त्यांना सांगितलेलं नाही.