मुबीनाचे नाव वाचादोष यादीतून काढण्याबाबत

प्रति,
मा. कक्षप्रमुख,
तंत्रज्ञान अध्ययन निकष कक्ष,
जिल्हा बुलढाणा.

अर्जदार: शैलजा शंकरराव भुतेकर, सहायक शिक्षिका, प्राथमिक शाळा, वाघदरी (धाडजवळ).

विषय: इयत्ता चौथीतील मुबीना फकीर मोहम्मद हिचे नाव वाचादोष असलेल्या मुलांच्या यादीतून तात्काळ काढणेबाबत.

संदर्भ: १) 'बोलकसोटी' ॲपवरील चाचणी, दि. १९ ऑगस्ट. २) आपल्या कक्षाशी दूरध्वनीवरून झालेले बोलणे, दि. ९ सप्टेंबर.

महोदय,

हा अर्ज मी चार वेळा सौम्य करून लिहिला आणि चारही वेळा फाडला. हा पाचवा आहे, तो जसा आहे तसा सादर करते.

१. वर्गात डिजिटल साधने वापरून तंत्रज्ञानाचे निकष पूर्ण करावेत, असा आपला आदेश आहे. त्यानुसार टॅबवरील 'बोलकसोटी' या ॲपसमोर प्रत्येक मुलाने चित्र पाहून बोलायचे असते आणि ॲप ते ऐकून गुण देते. मुबीनाला भिंतीवर बसलेल्या मांजरीचे चित्र आले. ती म्हणाली, "मांजर भितीवर बसून राह्यली. तिले खाली उतराचं भेव वाटते. मले तर वाटते का तिनं कोणाचं तरी दूध पेलं." माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीत चौथीतल्या मुलाने चित्राचे इतके चांगले वर्णन केलेले मी ऐकलेले नाही. ॲपने लिहिले, 'आवाज आढळला नाही.'

२. आम्ही पंखा बंद केला, खिडक्या लावल्या. तिसऱ्या खेपेला ती इतक्या मोठ्याने बोलली की शेजारच्या वर्गातली मुले दाराशी येऊन उभी राहिली. ॲपने पुन्हा तेच लिहिले, 'वाचादोष' अशी नोंद केली आणि हजेरी क्रमांकाप्रमाणे आपोआप पुढच्या मुलाकडे गेले. पुढचा शौनक त्या दिवशी आजोळी, खामगावला गेला होता. तेवढ्यात रस्त्यावरून भंगारवाल्याची गाडी गेली. 'जुने कूलर, जुनी बॅटरी, तुटकी सायकल आम्हाला विका,' हा तिच्या भोंग्यातला पुस्तकी आवाज ॲपने ऐकला आणि गैरहजर शौनकला 'उच्चार उत्तम' असा शेरा दिला. तो शेरा आजही आपल्या संकेतस्थळावर आहे.

३. दोष कुठे आहे ते पाहण्यासाठी मी स्वतः बोलून पाहिले. मी मूळची याच जिल्ह्यातल्या जानेफळची. 'मला मांजर दिसते' म्हटले, पूर्ण गुण मिळाले. 'मले मांजर दिसते' म्हटले, आवाज आढळला नाही. म्हणजे या जिल्ह्यात घरोघरी जे बोलले जाते, ते या यंत्राच्या लेखी बोलणेच नाही. ज्या कोणी हे निवडले त्यांनी ते एकदा तरी धाडच्या आठवडी बाजारात उघडून बघायला हवे होते.

४. मुबीनाचे वडील फकीर मोहम्मद धाडला गाद्या भरण्याचे काम करतात. यादीची नोटीस हातात घेऊन ते शाळेत आले आणि म्हणाले, "मॅडम, माह्या पोरीले मुकी काऊन लिहिलं? घरात तिले गप्प बस म्हणता म्हणता आमचं तोंड दुखते." त्या नोंदीखाली सही माझी आहे. सही केल्याशिवाय ॲप वर्गाची चाचणी पूर्ण झाली असे मानत नव्हते म्हणून मी ती केली. या सहीची मला लाज वाटते.

५. नऊ तारखेला आपल्या कक्षातील तंत्रसहायक श्री. सोहम यांना मी फोन केला. माझे म्हणणे त्यांनी खोडून काढले नाही. ते म्हणाले, "मॅडम, नाव काढता येते. पण त्या जाग्यावर दुसरं पोरगं द्या. निकष सातमध्ये डिजिटल साधनानं एक तरी दोष शोधलेला दाखवा लागते. रकाना खाली ठेवला तर शाळेची श्रेणी जाते." (हे सारे ॲपसमोर बोलले असते तर त्यांचाही आवाज आढळला नसता, ती गोष्ट वेगळी.) किडके वांगे बदलून मागावे तसे ते मूल बदलून मागत होते. फोन ठेवून मी नळावर जाऊन हात धुतले, आणि हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही.

माझ्या वर्गात सव्वीस मुले आहेत. त्यांतले एकही मी देणार नाही. रकाना भरायलाच हवा असेल तर त्यात माझे नाव लिहावे आणि यादीतल्या मुलांच्या तपासणी शिबिराला मला बोलवावे.

६. ते शिबिर येत्या गुरुवारी, १८ सप्टेंबरला आहे. तिथे डॉक्टर तपासून दोषाचे प्रमाणपत्र देणार आहेत. इकडे वर्गातली मुले मुबीनाला मुकी म्हणू लागली आहेत. तीन आठवड्यांपासून ती बोलत नाही. हजेरीलासुद्धा नुसता हात वर करते. शिबिरात तिला बोलायला सांगतील, ती बोलणार नाही, आणि आपली नोंद बरोबर ठरेल. तरी त्याआधी तिचे नाव काढावे आणि काढल्याचे पत्र थेट तिच्या नावे पाठवावे, एवढीच मागणी आहे. तिला पत्र वाचता येते.

नम्र राहण्याची सवय असलेली,
शैलजा शंकरराव भुतेकर
वाघदरी, दि. ११ सप्टेंबर २०२५

सोबत:
१) शौनकच्या गैरहजेरीचा हजेरीपटातील उतारा.
२) मुबीना वर्गात गोष्ट सांगत असतानाचे ध्वनिमुद्रण, अकरा मिनिटे, मेमरी कार्डवर. कृपया माणसाने ऐकावे. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातले आहे. त्यानंतरचे उपलब्ध नाही.